जुनी पिकअप, रोजची वाट

बाजाराच्या दिवशी पहाटे भाजीच्या पाट्या, कांद्याची पोती आणि त्यांवर अंग चोरून बसलेली दोन-चार माणसे घेऊन तालुक्याकडे धावणारी पिकअप आपण सर्वांनी पाहिली आहे. पुढे दोघातिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याच्या शेवटी खाली पाडता येणारा फाळका. आज मी अशाच एका पिकअपविषयी बोलणार आहे. मात्र ती आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली, १९५१ सालची, शेव्हरोले बनावटीची ती अर्ध्या टनाची पिकअप आहे. माझे थोरले बंधू तिकडे नोकरीनिमित्त राहतात. २०१८ साली त्यांनी ती शेजारच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून विकत घेतली. त्या आणि पुढच्या वर्षीच्या सुटीत मी त्यांच्या हाताखाली पान्हे देण्याचे काम केले.

मी अर्थशास्त्र शिकवतो. ‘घसारा’ हा आमचा रोजचा शब्द. यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी धरायची आणि काही वर्षांनी वहीत ती शून्यावर आणायची, असे आम्ही मुलांना सांगतो. त्या हिशेबाने ही गाडी कधीच शून्य झाली होती. पण दादांना ती दिवाणखान्यातल्या फुलदाणीसारखी ठेवायची नव्हती. “ही मला रोज कामाला न्यायची आहे,” असे ते म्हणाले. घरापासून कामाचे ठिकाण अठरा मैल, म्हणजे सुमारे एकोणतीस किलोमीटर. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला, की सत्तरीला टेकलेले यंत्र रोजच्या कामाला पुन्हा लावायचे तर काय काय करावे लागते, आणि कोणत्या क्रमाने? क्रमावर मी मुद्दाम जोर देतो आहे. तो चुकला, तर काय होते हे आम्ही अनुभवले आहे.

आधी या गाडीची थोडी ओळख. दुसरे महायुद्ध संपल्यावर शेव्हरोले कंपनीने १९४७ च्या मध्यावर आपल्या मालगाड्यांचा नवा नमुना बाजारात आणला. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी. हा नमुना १९५५ च्या आरंभापर्यंत निघत होता. त्यातली सर्वांत लहान, अर्ध्या टनाची गाडी ‘३१००’ या क्रमांकाने ओळखली जाते. एका ओळीत सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन, तीन गिअर. सेल्फ मारायचा तो किल्ली फिरवून नव्हे, तर पायाखालची कळ दाबून. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने या गाडीतून गवत, दुधाचे कॅन, खत, डुकरे आणि रविवारी कुटुंबही नेले. म्हणूनच तिकडे तिच्याविषयी एवढी माया आहे.

आपल्याशी तिचे काहीच नाते नाही असेही नाही. जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ साली मुंबईला शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. परदेशातून सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे ते जोडून मोटारी, ट्रक आणि बसगाड्यांचे सांगाडे तयार होत. गाड्या नुसत्या जुळवू नयेत, तर येथेच बनवाव्यात, असे धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने घेतले आणि १९५४ साली ते काम बंद पडले. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ‘शेव्हरोले लॉरी’ हे शब्द आले, तर ते या इतिहासातून आले आहेत असे समजावे.

आता मूळ विषय. जुनी गाडी दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग संग्रहालयाचा. जो खिळा कारखान्यातून निघाला तोच खिळा हवा, तोच रंग, तीच वायर. अशी गाडी वर्षातून चार वेळा बाहेर काढतात आणि बाकीच्या वेळी तिच्यावर चादर असते. दुसरा मार्ग वापराचा. गाडीचा स्वभाव आणि चेहरा तोच ठेवायचा, पण जीव ज्यांवर अवलंबून आहे ते भाग आजच्या रस्त्याला शोभतील असे करायचे. जुन्या वाड्याची सागवानी तुळई आपण ठेवतो, पण विजेच्या तारा नव्या घालतोच ना? तसेच हे. रोज चालवायची गाडी दुसऱ्याच मार्गाने गेली पाहिजे.

या मार्गाचा क्रम चार शब्दांत सांगता येतो: थांबणे, वळणे, चालणे, दिसणे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ वळली पाहिजे, मग चालली पाहिजे आणि सर्वांत शेवटी ती चांगली दिसली पाहिजे. माणसाचे मन नेमके उलट चालते. त्याला आधी रंग हवा असतो आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा असतो.

आम्हीही तेच केले. गोठ्यातून गाडी आणली, प्लगच्या भोकांतून थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस ते मुरू दिले आणि इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते मोकळे होते. नवी बॅटरी, साफ केलेला कार्बोरेटर, बाटलीतून दिलेले पेट्रोल. आणि तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली! साऱ्या घराला आनंद झाला. ब्रेकची टाकी रिकामी होती, ती भरली. पेडल दाबून पाहिले, ते घट्ट लागले. “ब्रेक आहेत,” असे आम्ही ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी दादा, मी आणि मध्ये माझा दहा वर्षांचा पुतण्या असे तिघे गावाबाहेरच्या रस्त्यावर फेरी मारायला निघालो. उतार संपतो तेथे चौरस्ता होता. दादांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ जमिनीला टेकले. त्यांनी पुन्हा दाबले. काही नाही. या गाडीच्या पहिल्या गिअरला चालत्या गाडीत सहजी जुळण्याची सोय नसते, म्हणून त्यांनी दुसऱ्यात घातली, पार्किंगचा ब्रेक लावला आणि गाडी डावीकडच्या गवताच्या चरात उतरवली. ती थांबली. चौरस्त्यावरून त्याच वेळी दुधाची मोठी टाकी असलेला ट्रक आडवा गेला. कोणी काही बोलले नाही. पुतण्याने एवढेच विचारले, “काका, आता चालत जायचं का?” आम्ही चालत घरी आलो. त्या दिवशी गाडीने काही दगा दिला नव्हता. चूक आमची होती.

काय झाले होते, ते शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे आहे. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. मोटारीचे ब्रेक याच नियमावर चालतात. सोयीचे आकडे घेऊ. पायाने २० किलो जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर द्रवातला दाब दर चौरस सेंटिमीटरला २० किलो झाला. हाच दाब नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. तेथल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक दट्ट्या १२० किलो जोराने ब्रेकचा लायनर ड्रमवर दाबतो. माणसाचा पाय एक, पण काम एवढे मोठे!

पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. दाब सर्वत्र सारखा पोचतो. तेव्हा एका ठिकाणी भोक पडले, तर तो सर्वत्र सारखाच नाहीसाही होतो. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग असे. आमच्या गाडीच्या पुढच्या एका चाकाकडे जाणारी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसत होती, आतून मात्र कुजली होती. घरासमोर हलक्या पायाने दाबली तेव्हा ती टिकली. उतारावर जोराने दाबली तेव्हा फुटली आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. पार्किंगचा ब्रेक तारेने ओढून मागची चाके धरतो, त्याचा द्रवाशी संबंध नाही, म्हणून आम्ही वाचलो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दुहेरी मार्गाचे ब्रेक सर्रास आले. त्यांत पुढच्या चाकांचा मार्ग वेगळा आणि मागच्यांचा वेगळा असतो. एक फुटला तरी दुसरा उरतो. पेडल खोल जाते, गाडी उशिरा थांबते, पण थांबते.

चरातून गाडी ओढून आणल्यावर दादांनी वही काढली आणि पहिल्या पानावर ‘थांबणे’ असे लिहिले. त्या उन्हाळ्यात आम्ही दुसरे काहीच केले नाही. सर्व लोखंडी नळ्या काढून नव्या घातल्या. रबरी नळ्या नव्या, चाकांतले सिलिंडर नवे, लायनर नवे. ड्रम घासून सारखे करून घेतले. केबिनच्या फळीखाली जेथे जुना मास्टर सिलिंडर होता, तेथे दुहेरी मार्गाचा बसवला. पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का, यावर खूप चर्चा झाली. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापतात आणि तापले की त्यांची पकड सुटत जाते. डिस्कला वारा लागतो, ती लवकर निवते. खंडाळा किंवा आंबोलीचा घाट रोज उतरायचा असता, तर मी डिस्कचाच आग्रह धरला असता. पण दादांचा मुलूख सपाट, वेग बेताचा, म्हणून ड्रमच ठेवले. रोजच्या वाटेकडे पाहून निर्णय घ्यायचा असतो, तो असा.

येथे एक गोष्ट आपल्या गाड्यांनाही लागू आहे. नेहमीच्या वापरातले ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. त्या ओलीने सिलिंडर आतून गंजतात आणि ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दबते, द्रव दबत नाही. म्हणून पेडल मऊ लागते. तेव्हा ब्रेक ऑइल कमी झाले की वर ओतायचे, एवढ्यावर भागत नाही. ते ठरावीक काळाने पूर्ण बदलावे लागते. आणि ते कमी का झाले, हे आधी शोधावे लागते.

दुसरा शब्द ‘वळणे’. या गाडीला पुढे बैलगाडीच्या आसासारखा एकसंध लोखंडी आस आहे, त्यावर पाटे आहेत आणि दोन्ही टोकांना चाक ज्याभोवती वळते ती किंगपिन आहे. किंगपिनचे बुश झिजले, की चाक डगडगते आणि गाडी रस्ताभर हिंडते. परीक्षा सोपी आहे. चाक जॅकवर उचलावे, खाली मजबूत ठोकळा द्यावा, टायर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवावा. खटखट लागली, तर चाकाचे बेअरिंग किंवा किंगपिन यांपैकी एकात खेळ आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावरही खेळ राहिला, तर दोष किंगपिनचा. या जुन्या गाड्यांना ग्रीस देण्याच्या जागा पुष्कळ असतात आणि हजार मैलांच्या आसपास त्या प्रत्येकीला ग्रीस द्यावे लागते. आजच्या गाड्यांत हे काम जवळजवळ नाहीसे झाल्यामुळे नवा मालक ते विसरतो आणि वर्षभरात नवे बुश पुन्हा झिजवून बसतो.

टायरचेही तसेच. गोठ्यातल्या गाडीच्या टायरांची नक्षी उत्तम होती. ती चाललीच नव्हती, तर नक्षी झिजेल कशी? पण रबर वयानेही मरते. बाजूला बारीक भेगा दिसल्या, की ते टायर टाकून द्यावेत. २००० सालापासूनच्या टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असेल, तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर झाला. आपल्या घरच्या मोटारसायकलीवर हे अंक आजच पाहून घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तर जरूर पाहा.

आता ‘चालणे’. या गाडीचे इंजिन मोठे समंजस आहे, मात्र त्याची एक रीत ओळखून घेतली पाहिजे. आजच्या इंजिनात पंप जोराने तेल ढकलतो आणि ते प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवतो. या इंजिनात क्रँकच्या मुख्य बेअरिंगना पंपाचे तेल मिळते, पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना बहुतांशी उडवलेल्या तेलावर भागवावे लागते. रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानसा पळा असतो. तो फिरताना तेल उचलून घेतो, जशी रहाटाची पोहरी पाणी उचलते. त्या बेअरिंगांत व्हाइट मेटल ओतलेले असते. हा मऊ धातू मायाळू खरा, पण तेल कमी पडले की क्षणात वितळतो. तेव्हा अशा इंजिनाचा तळ उघडून गाळ काढल्याखेरीज ते रोजच्या कामाला लावू नये. आमच्या इंजिनाच्या तळाशी बोटभर काळा चिखल निघाला. तो तसाच ठेवून नवे साफ करणारे तेल घातले असते, तर चिखल सुटून तेलाच्या वाटा बुजल्या असत्या.

मग वेगाचा प्रश्न. गणिताच्या शिक्षकांसाठी हे एक उदाहरण. चाकाचा व्यास सुमारे ७१ सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण २.२३ मीटर. एका किलोमीटरला चाक ४४८ वेळा फिरते. मागच्या धुऱ्यातल्या दातांचे प्रमाण ४.११ आहे, म्हणजे चाक एकदा फिरते तेव्हा वरच्या गिअरमध्ये इंजिन ४.११ वेळा फिरते. तेव्हा एका किलोमीटरला इंजिनाच्या झाल्या सुमारे १,८४० फेऱ्या. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणून इंजिन मिनिटाला १,८४० फेऱ्या घेते. ताशी ७० ला सुमारे २,१५०. ताशी १०० ला मात्र ३,०७०. हे इंजिन आपली सारी ९२ अश्वशक्ती सुमारे ३,४०० फेऱ्यांना देते. तेव्हा ताशी १०० किलोमीटरने ते तासभर पळवणे, म्हणजे म्हाताऱ्या बैलाला सतत दौडत ठेवणे होय. उडवलेल्या तेलावर जगणारे बेअरिंग ते सोसत नाही.

यावर उपाय आहेत. १९५४ पासून याच गाड्यांत जरा मोठे, सुमारे ३.९ लिटरचे आणि पूर्ण दाबाने तेल देणारे इंजिन येऊ लागले. ते या गाडीत फारशा खटपटीशिवाय बसते आणि पुष्कळ लोक ते बसवतात. काही जण मागच्या धुऱ्याचे प्रमाण कमी करतात. पण या गाडीची फिरती दांडी एका बंद नळीत धुऱ्याशी जखडलेली असते, म्हणून ते काम वाटते तितके सोपे नाही. दादांनी वेगळा निर्णय घेतला. ते म्हणाले, “माझी वाट खेड्यातल्या रस्त्यांची आहे. सत्तरच्या वर जायचं कारणच काय?” त्यांनी जुने इंजिन ठेवले आणि महामार्गाचा मोह सोडला. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. यंत्राच्या मगदुराप्रमाणे आपली वाट ठरवली, की निम्मा खर्च वाचतो.

पेट्रोलविषयी दोन शब्द. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. ते विषारी असल्याने अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून ते पूर्ण बंद झाले, आपल्याकडे २००० साली. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकी झिजत नसत. आता इंजिन खोललेच असेल, तर कणखर धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात. मंद चालणाऱ्या गाडीला मात्र घाबरण्याचे कारण नाही. त्याहून मोठा प्रश्न इथेनॉलचा आहे. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे आता वीस टक्क्यांपर्यंतचे मिळते. ते जुन्या रबराला फुगवते, चिरडवते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे रबर हे सारे नव्या प्रकारचे हवे. या गाडीत तर पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, बसण्याच्या पाठीमागेच उभी असते. तेथे गळती म्हणजे काय, हे सांगायला नको.

वीज हा ‘चालणे’ यातलाच भाग. १९५१ सालच्या या गाडीत ६ व्होल्टची वीज आहे. १९५५ मध्ये शेव्हरोलेने १२ व्होल्ट आणली. फरक काय? ३६ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपियर प्रवाह घेतो आणि १२ व्होल्टवर ३. वायर आणि सांधे मिळून ०.२ ओहम रोध असेल, तर पहिल्यात १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे पाचवा हिस्सा. दुसऱ्यात ०.६, म्हणजे विसावा हिस्सा. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला जाड वायरी आणि स्वच्छ सांधे लागतात. लोक त्यांत बारीक वायरी घालतात आणि मग दिवे मिणमिणतात म्हणून गाडीला नावे ठेवतात. आमच्या गाडीतल्या कापडी वेष्टणाच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्यामुळे सारे वायरिंग नवे करायचेच होते. तेव्हा दादांनी १२ व्होल्ट घेतले आणि डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. डायनॅमो इंजिन मंद चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात तर दिवे, वायपर, हीटर हे सगळे एकदम लागते. त्या काळी कित्येक पिकअपना मागे एकच दिवा असे. आम्ही दोन लावले आणि वळणाचे दिवेही बसवले. मागचा माणूस आजच्या वेगाने येतो, हे विसरून चालत नाही.

शेवटचा शब्द ‘दिसणे’. येथे खरा शत्रू गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. लोखंड, पाणी आणि हवा एवढे जमले, की गंज चढतोच. मीठ असले म्हणजे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचा वेग वाढतो. आपल्या कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने घराचे पत्रे का खातात, त्याचेही कारण हेच. या गाडीत केबिनचे मागचे दोन खालचे कोपरे, दारांचा तळ आणि पाय ठेवण्याची जागा हमखास खाल्लेली असते, कारण तेथे चिखल साठून ओल राहते. अशा ठिकाणी पुट्टी भरून वर रंग मारणारे कारागीर सर्व देशांत आहेत. पुट्टीखाली गंज आपले काम चालूच ठेवतो. त्यामुळे चांगले लोखंड लागेपर्यंत सडका पत्रा कापून काढणे आणि नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने लावणे, एवढाच खरा उपाय. चासीवर हातोडीने टकटक करावी. खणखणीत आवाज आला तर बरे, बद्द आला तर तेथे थांबून नीट पाहावे. मडके घेताना बायका जी परीक्षा करतात, तीच ही.

हौद्याचा तळ मात्र लाकडी आहे. चिडाच्या फळ्या आणि दोन फळ्यांमध्ये पोलादी पट्टी. लाकूड का? ते हलके, स्वस्त, कोणालाही बदलता येण्याजोगे, आणि गवताच्या पेंढ्या त्यावर घसरत नाहीत. दादांनी फळ्या स्वतः रंधल्या, तेल पाजले. रंग सर्वांत शेवटी दिला आणि तोही मूळच्या हिरव्याच्या जवळचा.

आणखी काही उणिवा अशा आहेत, की त्या पूर्ण भरून निघत नाहीत. १९५१ च्या या गाडीला पट्टे नव्हते. आम्ही ते बसवले, पण नुसत्या पत्र्याला भोक पाडून नव्हे. मागून जाड पोलादी पट्टी देऊन. तरीही तिची सुकाणूची दांडी सरळ छातीकडे रोखलेली आहे आणि टकरीत मोडून जोर पोटात घेणारे आजच्यासारखे अंग तिला नाही. तिच्या धुराड्यात धूर शुद्ध करण्याची सोय नाही. दर किलोमीटरला ती नव्या गाडीपेक्षा अधिक विषारी वायू सोडते. जुने ते सारे सोने असे मी म्हणणार नाही. कायद्याचीही नोंद घ्यावी. अमेरिकेत अनेक राज्यांत ऐतिहासिक गाडीची स्वस्त पाटी मिळते, पण ती लावून रोज कामाला जाता येत नाही. त्यासाठी साधी नोंदणीच लागते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते, पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही.

श्रोतेहो, २०१९ च्या जूनमध्ये दादा ती गाडी घेऊन प्रथम कामाला गेले. त्याआधी महिनाभर ते रोज संध्याकाळी त्याच उतारावर जाऊन ब्रेक तपासून येत. पुतण्याला मात्र त्यांनी त्या महिन्यात बरोबर घेतले नाही. पहिल्या दिवशी निघताना तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, थांबते का आता?” दादांनी गाडी फाटकापर्यंत नेली, ब्रेक दाबला, ती जागच्या जागी उभी राहिली. “ये, बस,” ते म्हणाले. गाडीत त्याची शाळेची पिशवी आधीच ठेवलेली होती.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शेव्हरोले नाही. पण जुना ट्रॅक्टर आहे, वडिलांच्या वेळचे ऑइल इंजिन आहे, ट्रॉली आहे, मोटारसायकल आहे. हंगामाच्या तोंडावर आपण ती बाहेर काढतो, किक मारतो, सुरू झाली की “चालते” म्हणून समाधान मानतो. माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी ते चार शब्द त्याच क्रमाने आठवावेत: थांबणे, वळणे, चालणे, दिसणे. ट्रॉलीची खीळ, ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक, टायरवरचे चार अंक, एवढे पाहायला अर्धा तास लागतो. वहीत घसारा मांडून यंत्राची किंमत शून्य करता येते. त्या यंत्रावर बसलेल्या पोराची किंमत कोणत्याही वहीत मांडता येत नाही.